तुटल्या हाताचें मोल

माझ्या आजोबांचा डावा हात कोपराखालीं नव्हता. १९३१ सालच्या सुमारास परळ भागांतील एका कापडगिरणींत, कापूस पिंजण्याचें यंत्र साफ करीत असतां, तो रुळांत सांपडला. ही हकीगत मीं त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकिली. आजीच्या तोंडून मात्र अनेकदां ऐकिली, आणि तिच्या सांगण्यांत यंत्रापेक्षां पैशाचेंच वर्णन अधिक असे. भरपाईदाखल सुमारें सहाशें रुपये मिळाले. एवढी रक्कम त्या घरानें पूर्वीं कधीं एकदम पाहिली नव्हती. तिच्यांतून सावकाराचें देणें फिटलें, रत्नागिरीकडच्या घरावर कौलें चढलीं, आजोबांच्या धाकट्या बहिणीचें लग्न झालें, आणि दीड वर्षानंतर घरांत एक रुपयाही उरला नाहीं. आजोबा तेव्हां तिशींत होते. पुढें ते आणखी छत्तीस वर्षें जगले.

कारखानदारांनीं व सरकारनें अपंग मनुष्याच्या निर्वाहाचा भार कसा व कितपत उचलला, हें आज मला सांगावयाचें आहे; आणि त्या इतिहासाची गुरुकिल्ली माझ्या मतें ह्या सहाशें रुपयांतच आहे.

आजोबांना ते पैसे कोणाच्या दयेनें मिळाले नव्हते; ते १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यानें मिळाले. १ जुलै १९२४ पासून त्याचा अंमल सुरू झाला. तत्पूर्वीं हात गमावलेल्या मजुराला मालकाविरुद्ध दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागे, म्हणजे व्यवहारतः कांहींच करतां येत नसे. एखादा मालक आपण होऊन देई, तेवढेंच. नागपुरास १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांनीं एम्प्रेस मिल सुरू केली. तेथें १८८६ मध्यें निवृत्तिवेतनाचा निधि निघाला व १८९५ पासून अपघाताबद्दल भरपाई देण्यांत येऊं लागली, म्हणजे कायद्याच्या अठ्ठावीस वर्षें आधीं. परंतु सगळेच मालक टाटा नव्हते. मध्यवर्ती कायदेमंडळांत त्या वेळीं मजुरांच्या वतीनें ना. म. जोशी बसत. तेही आरंभीं शाळामास्तरच होते, हें मी आपल्या धंद्याच्या अभिमानानें येथें नमूद करतों.

ह्या कायद्याला जोडलेलें एक परिशिष्ट होतें. तें वाचलें म्हणजे वाण्याच्या दुकानांतील भावाची पाटी वाचल्यासारखें वाटतें. उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वरून गेला, तर मिळकतीची शक्ति शेंकडा ७० नें गेली असें धरावयाचें. डावा तसाच गेला तर ६०. कोपराखालून उजवा गेला तर ६०, डावा गेला तर ५०. पाय गुडघ्यापासून वा त्यावरून गेल्यास ६०, खालून गेल्यास ५०. दोन्ही कानांनीं कायमचें बहिरेपण आल्यास ५०. एक डोळा ३०, आंगठा २५, तर्जनी १०, इतर कोणतेंही बोट ५. पूर्ण निकामी झालेल्या प्रौढ मनुष्याची भरपाई म्हणजे ४२ महिन्यांचा पगार, आणि तीही ३५०० रुपयांच्या वर नाहीं. आजोबांचा हिशेब आपणही करून पहावा: डावा हात, कोपराखालून, म्हणजे ४२ चे निम्मे २१ महिने.

मरण पावलेल्या मजुराच्या कुटुंबास मात्र ३० महिन्यांचाच पगार मिळे. जिवंत पांगुळेपण मृत्यूपेक्षां महाग कां, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु ह्या एका गोष्टींत कायदा करणारांनीं व्यवहार ओळखला होता. मेलेल्याला जेवण लागत नाहीं, जगलेल्याला तें रोज लागतें. मग हेंच ओळखून त्यांनीं पैसे रोजच्या जेवणाच्या मानानें कां दिले नाहींत? मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे भरावी लागे व अज्ञान वारसांच्या वतीनें ती गुंतवून ठेवण्याचा अधिकार त्यांना होता. हात गमावलेल्या प्रौढ पुरुषाच्या ओंजळींत मात्र सगळी रक्कम एकदम ओतली जाई, आणि ती गळून जाईपर्यंत सावकारापासून सोयऱ्यांपर्यंत सर्वजण भोंवतीं उभे असत. माझ्या आजोबांना मी उधळे म्हणत नाहीं. त्यांनीं फेडलेलें प्रत्येक देणें खरें होतें.

घर तगलें तें आजीमुळें. तिनें गिरणीवाल्यांची खाणावळ घातली. चौदा माणसें दोन वेळ जेवीत आणि पगार झाला कीं महिन्याचे पैसे आणून देत. ती म्हणे, सहाशें रुपयांनीं लग्न झालें, पण पोरें वाढलीं तीं महिन्याच्या पैशावर.

आजीला उमगलेली ही गोष्ट कायद्यांत उतरावयास १९४८ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें योजनेचा आरंभ कानपुरास झाला. १९५४ मध्यें ती नागपुरास व मुंबईस आली. मालक व मजूर या दोघांच्या वर्गणींतून कायमच्या अपंगत्वाबद्दल एकरकमी भरपाईऐवजीं जन्मभर ठराविक वेतन देण्याची तींत सोय होती. तोंवर आजोबांचा हात जाऊन तेवीस वर्षें झालीं होतीं.

परंतु भरपाई एकदम द्या कीं दरमहा द्या, ती हात गेल्याचीच किंमत. उरलेल्या हाताची नव्हे. आजोबांनीं गिरणींत दारवानाची जागा मागितली होती. ती मिळाली नाहीं. उरलेल्या हाताचा विचार ज्यानें आंकडे मांडून केला, तो अमेरिकेंतील मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड होय. १९२२ सालच्या आपल्या आत्मकथनांत त्यानें लिहिलें आहे कीं कारखान्यांतील निरनिराळ्या ७,८८२ कामांची त्यानें तपासणी करविली. त्यांपैकीं २,६३७ कामें एका पायाचा माणूस, ६७० कामें दोन्ही पाय नसलेला, ७१५ कामें एका हाताचा आणि १० कामें आंधळा मनुष्य करूं शकेल असें निघालें. दोन कामें तर दोन्ही हात नसलेल्यासही जमण्यासारखीं होतीं! १९१९ च्या अखेरीच्या गणतींत प्रकृतीनें उण्या अशा ९,५६३ लोकांची त्याच्या कारखान्यांत नोंद होती. एका आंधळ्यास खिळे व चाक्या मोजण्याच्या कामावर बसविलें, तेव्हां दोनच दिवसांत मुकादमानें तेथील दोन धडधाकट माणसें दुसरीकडे हलवावीं अशी मागणी केली. तिघांचें काम तो एकटा उरकीत होता.

हें सर्व फोर्डनें स्वतःच सांगितलेलें असल्यामुळें चिमूटभर मीठ घालूनच घ्यावें. शिवाय एकेक काम इतकें बारीक तोडून टाकलें होतें कीं तें करतांना सबंध मनुष्याची गरजच पडूं नये, हीही त्या कारखान्याची दुसरी बाजू. तथापि ह्या मनुष्याला काय येत नाहीं, असें न विचारतां ह्या कामाला काय लागतें, असें त्यानें विचारलें. परळच्या गिरणीचें दार राखावयास किती हात लागत होते, हें कोणीं मोजलें असतें तर!

आमच्या इकडे ही दृष्टि उशिरां आली. दर रविवारीं ज्यांचें क्रिकेटविषयक भाषण विविध भारतीवरून ऐकूं येई, ते विजय मर्चंट स्वतः गिरणीमालक होते व अपंगांना कामें मिळवून देण्यासाठीं त्यांनीं पुष्कळ खटपट केली. १९७७ मध्यें केंद्र सरकारनें आपल्या खालच्या श्रेणींच्या नोकऱ्यांत शेंकडा ३ जागा राखल्या. १९९५ च्या कायद्यानें त्या राखीव जागांना बळकटी दिली. २०१६ च्या कायद्यानें त्यांचें प्रमाण ४ केलें. खासगी मालकांवर अशी सक्ति नाहीं. आपल्या नोकरांत निदान शेंकडा ५ अपंग असावेत म्हणून त्यांस उत्तेजन द्यावें, एवढेंच कायदा सरकारला सांगतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे शेंकडा २ समाजकार्यासाठीं खर्चावयास लाविलें आणि अपंगांना कामाचें शिक्षण देणें हें त्यांत बसतें. पण केवळ आपल्याच नोकरांच्या हितासाठीं केलेला खर्च त्यांत धरतां येत नाहीं. एका हाताच्या माणसाला दुसऱ्या कोणाकडे शिकविलें तर जमेस, आपल्या दाराशीं बसविलें तर नाहीं.

आतां जे मुळीं कामावर जाऊंच शकत नाहींत त्यांचें काय? अशा मुलाच्या नांवें विमा उतरणाऱ्या आईबापांस प्राप्तिकरांत सूट असे, पण ती एका अटीवर: पैसे आईबाप वारल्यानंतरच मुलाला मिळाले पाहिजेत. म्हणजे मुलाला हयातींतच गरज पडली तरी बापानें आधीं मरावयास हवें! हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयांत गेला. जानेवारी २०१९ मध्यें न्यायालयानें तरतूद रद्द केली नाहीं, पण सरकारनें फेरविचार करावा असें सुचविलें. २०२२ च्या अर्थसंकल्पानें पालक साठ वर्षांचे झाल्यावर व हप्ते भरणें थांबल्यावर पैसे मिळूं शकतील अशी सुधारणा केली.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा मुलगा असा आहे. तीस वर्षांचा घोडा झाला, पण बुद्धि चार वर्षांच्या पोराची. बाई कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हां १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालीं पालक नेमून घेण्याचा अर्ज मीं त्यांना भरून दिला. पतीच्या कारखान्यानें भविष्यनिर्वाहाच्या वर्गण्या नियमित भरल्या होत्या. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेंत पूर्णपणें अपंग अपत्यास वयाची अट नाहीं. आईबापांमागेंही त्यास अनाथ-वेतन आजन्म मिळतें, हें मीं त्यांना वाचून दाखविलें. त्यांनीं विचारलें, "मास्तर, किती?"

२०१४ मध्यें ठरलेला किमान आंकडा मीं सांगितला: दरमहा साडेसातशें रुपये. त्यांनीं तो पाकिटाच्या मागें लिहून घेतला आणि खालीं त्याच्या औषधांचा महिन्याचा खर्च मांडावयास सुरुवात केली.