तीस दिवस की सात दिवस?

भारतात दरिद्री माणसे किती, या प्रश्नाचे उत्तर प्रश्नावलीतील एका किरकोळ वाटणाऱ्या शब्दावर हेलकावे खाऊ शकते, असे सांगितले तर श्रोत्यांना ते अतिशयोक्तीचे वाटेल. पण राष्ट्रीय नमुना पाहणीच्या इतिहासात तसे प्रत्यक्ष घडले आहे.

प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या प्रेरणेने ही पाहणी १९५० साली सुरू झाली. अन्वेषक खेडोपाडी हिंडून घरात तांदूळ किती लागला, मीठ किती, कापडाला काय खर्च आला, असे विचारू लागले. पण 'लागला' म्हणजे किती दिवसांत? खेड्यातील गृहिणीपाशी हिशेबाची वही नसते. गेल्या आठवड्याचे विचारावे, तर आठवण ताजी असते खरी. परंतु दहा दिवसांपूर्वी आणलेली गुळाची ढेपही नकळत त्या आठवड्यात येऊन बसते. महिन्याचे विचारावे, तर भाजीपाला, पानसुपारी अशा बारीकसारीक गोष्टी विस्मरणात जातात. एका प्रश्नाने खर्च फुगतो, दुसऱ्याने आटतो.

महालनोबीस केवळ तर्कावर विसंबणारे नव्हते. पश्चिम बंगालमधील काही कुटुंबांना त्यांनी आठवड्याचा हिशेब विचारविला, काहींना महिन्याचा. आणि आणखी काही घरांत धान्य प्रत्यक्ष तोलून पाहिले. तोललेले आकडे महिन्याच्या उत्तरांशी जुळले, आठवड्याची उत्तरे मात्र जास्त भरली. हा निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तीस दिवसांचा प्रघात पडला. पुण्याच्या वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा जो गाजलेला अभ्यास मांडला, तोही या पाहणीच्याच आकड्यांवर उभा होता. माझ्या मते त्या बंगाली प्रयोगाला एक मर्यादा होती. रोज शिजणाऱ्या भाताचा महिन्याचा हिशेब घरातील बाईला सहज सांगता येतो. भाजी, फळे आणि मासळी यांचे तसे नाही.

ही शंका पुढे पुन्हा डोके वर काढू लागली. १९९४ ते १९९८ या काळातील फेऱ्यांत कुटुंबांचे दोन गट पाडून एका गटाला जुनी प्रश्नावली दिली. दुसऱ्या गटाला अन्न, पान व तंबाखू यांचा सात दिवसांचा हिशेब विचारला. नव्या प्रश्नावलीतून खर्च इतका वाढून दिसला, की तिच्या आधारे मोजल्यास गरिबांची संख्या निम्म्याच्या आसपास उतरली असती. कोणाच्याही ताटात एक घास अधिक पडलेला नव्हता.

यानंतर १९९९-२००० च्या फेरीत जे केले गेले, ते मला अधिक शोचनीय वाटते. एकाच कुटुंबाला एकाच बैठकीत सात आणि तीस, असे दोन्ही दिवसांचे हिशेब शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले गेले. माणसाचा स्वभाव असा, की पहिले उत्तर दिल्यावर दुसरे त्याच्याशी मिळतेजुळते असावे, अशी त्याची खटपट असते. अन्वेषकालाही ताळा जमलेला आवडतो. परिणामी दोन्ही रकान्यांतील एरवी दिसणारी मोठी तफावत जवळजवळ नाहीशी झाली. नियोजन मंडळाने तीस दिवसांच्या उत्तरांवरून दारिद्र्याचे प्रमाण २६.१ टक्के ठरविले. १९९३-९४ मध्ये ते ३६ टक्के होते. ही घट खरी किती आणि प्रश्नावलीची किती, यावर अर्थशास्त्रज्ञांत अनेक वर्षे वाद चालला. कारण शेजारच्या रकान्याने बिघडलेली उत्तरे मागाहून निवळता येईनात.

२००४-०५ मध्ये हे रकाने वेगळे झाले. तरीही, सर्व वस्तूंचा हिशेब तीस दिवसांचा धरल्यास दारिद्र्य २७.५ टक्के निघाले, आणि कापड, पादत्राणे, शिक्षण यांसारखा क्वचित होणारा खर्च वर्षाचा धरल्यास २१.८ टक्के. वर्ष एकच, कुटुंबेही तीच.

२०२२-२३ च्या पाहणीत प्रश्नावलीचे तीन भाग केले गेले आणि अन्वेषक एकाच घरी तीन निरनिराळ्या महिन्यांत गेले. एका बैठकीत उत्तर देणाऱ्याला येणारा शीण त्यामुळे निश्चितच कमी झाला असावा. मात्र २०११-१२ च्या आकड्यांशी हे आकडे ताडून पाहताना दोन्ही वेळची प्रश्नपत्रे शेजारी ठेवून वाचावी लागतात.