विक्का पंथ आणि वाचकाचा विवेक

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांत ‘विच’ किंवा ‘विक्का’ हे शब्द मुखपृष्ठावर मिरविणारी पुस्तके सर्रास आढळतात. आपली मुलेमुली ती विकत घेतात, मैत्रिणींकडून आणतात, आणि मग घरात कुजबूज सुरू होते. पुस्तक काढून घ्यावे, की दिसलेच नाही असे करावे, हा प्रश्न पालक आम्हांला विचारतात. ख्रिस्तसभेने निषिद्ध ग्रंथांची सूची १५५९ साली पोपच्या अधिकाराने प्रसिद्ध केली होती; १९६६ साली तिचा अंमल संपुष्टात आला. तेव्हापासून निवडीचा भार वाचकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर आहे. परंतु माहितीचा आधार नसेल तर विवेकही आंधळा होतो. म्हणून या पंथाचा आणि त्यावरील ग्रंथांचा इतिहास येथे थोडक्यात पाहू.

‘चेटकीण’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे करणी करणारी, मूठ मारणारी बाई उभी राहते. विक्का पंथाचे अनुयायी हे वर्णन नाकारतात. ते निसर्गाला पवित्र मानतात, देवी आणि देव अशा युगुलाची उपासना करतात आणि ऋतुचक्राप्रमाणे सण पाळतात. सैतानाला ते मानतच नाहीत. सैतान ही कल्पना ख्रिस्ती धर्माची आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा मार्ग आपल्याला मान्य नसला, तरी त्यांना सैतानपूजक ठरविणारे पुस्तक पहिल्याच पानावर चुकते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

या पंथाचे प्रवर्तक जेरल्ड गार्डनर (१८८४–१९६४) हे इंग्रज गृहस्थ. सिलोन, बोर्निओ आणि मलाया येथे मळ्यांवर व पुढे सरकारी जकात खात्यात नोकरी करून १९३६ साली ते इंग्लंडला परतले. १९३९ साली न्यू फॉरेस्ट परिसरातील एका जुन्या चेटूकमंडळीने आपल्याला दीक्षा दिली, असे ते सांगत. इंग्लंडमधील १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली गार्डनर यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ प्रसिद्ध झाले. ख्रिस्तपूर्व काळापासून गुप्तपणे टिकून राहिलेला एक प्राचीन धर्म आपण उजेडात आणीत आहोत, हा त्यांचा दावा होता.

या दाव्याला विद्वत्तेचे वजन लाभले ते मार्गारेट मरे यांच्यामुळे. १८६३ साली कलकत्त्यात जन्मलेल्या मरे या इजिप्तच्या प्राचीन संस्कृतीच्या नामांकित अभ्यासक. युरोपात ज्यांना चेटकिणी म्हणून जाळले, त्या सर्व एका संघटित प्राचीन धर्माच्या अनुयायी होत्या, असा सिद्धान्त त्यांनी १९२१ साली मांडला. १९२९ पासून ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’तील चेटूक या विषयावरील नोंद त्यांचीच होती आणि ती सुमारे चाळीस वर्षे छापली जात राहिली. गार्डनर यांच्या १९५४ च्या ग्रंथाला प्रस्तावनाही त्यांचीच. जो सिद्धान्त विश्वकोशात आहे, तो सामान्य वाचकाने खोटा का मानावा?

तरीही तो टिकला नाही. नॉर्मन कोन यांनी १९७५ साली मरे यांची अवतरणे मूळ कागदपत्रांशी ताडून पाहिली. आकाशातून उडणे, रूप पालटणे असे अशक्य भाग मरे यांनी गाळले होते आणि उरलेला मजकूर सरळ हकीकत म्हणून दिला होता. छळ करून मिळविलेल्या कबुलीजबाबांतून अशा रीतीने एक ‘धर्म’ तयार झाला होता. पुढे १९९९ साली रोनाल्ड हटन यांनी ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ या ग्रंथात दाखविले की विक्का हा प्राचीन धर्माचा अखंड वारसा नसून विसाव्या शतकातील नवा पंथ आहे. हटन यांच्या लेखनात उपहास नाही. अनुयायांविषयी आदर आहे. गार्डनर यांच्या सहकारी डोरीन व्हॅलिएंट यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात पंथाच्या विधींतील उसनवारी मोकळेपणाने सांगितली. पंथातील माणूसही सत्याशी प्रामाणिक राहू शकतो, याचे हे उदाहरण.

आता एका आकड्याविषयी. ‘ख्रिस्तसभेने नव्वद लाख स्त्रिया जाळल्या’ हे विधान अनेक पुस्तकांत आढळते. याचा उगम १७८४ सालचा. गॉटफ्रीड फॉइग्ट या जर्मन लेखकाने क्वेडलिनबुर्ग या एका गावच्या दप्तरातील मूठभर खटल्यांवरून त्रैराशिक मांडले आणि सबंध युरोपासाठी नव्वद लाखांवर संख्या काढली. आजचे इतिहासकार देहदंड झालेल्यांची संख्या ४०,००० ते ६०,००० च्या दरम्यान मानतात. त्यांत पुरुषही होते. बहुतेक शिक्षा दिवाणी सत्तेच्या न्यायालयांनी दिल्या आणि प्रोटेस्टंट मुलूखही त्याला अपवाद नव्हते.

एवढे वाचून कोणी सुटकेचा निःश्वास टाकू नये. नव्वद लाख खोटे ठरले म्हणून पन्नास हजार क्षुल्लक ठरत नाहीत. १४८४ साली पोप आठवे इनोसंट यांनी आज्ञापत्र काढून चेटकिणींच्या शोधाला पाठबळ दिले. ‘मॅलेउस मॅलेफिकारुम’ हा कुप्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा हाइनरिख क्रेमर हा डोमिनिकन संघाचा धर्मगुरू होता. बाम्बर्ग आणि व्युर्झबुर्ग येथे १६२६ नंतरच्या काही वर्षांत शेकडो माणसे जाळली गेली. तेथील राज्यकर्ते महागुरूच होते. हे आपल्या घरचे पाप आहे आणि ते झाकणारे पुस्तक चांगले नव्हे, मग त्यावर क्रूस छापलेला का असेना.

त्याच घरात सत्याचे साक्षीदारही झाले. सुमारे ९०६ साली प्र्युम मठाच्या रेगिनो यांनी नोंदविलेल्या धर्मनियमाने, रात्री देवतेबरोबर आकाशात फिरतो असे मानणाऱ्या स्त्रिया भ्रमात आहेत, असे बजावले होते. स्पेनमध्ये १६१० साली लोग्रोन्यो येथे सहा जणांना जिवंत जाळल्यावर इन्क्विझिशनचेच एक न्यायाधीश, अलोन्सो दे सालाझार, गावोगाव फिरले. सुमारे १,८०० जणांच्या जबान्या त्यांनी तपासल्या; त्यांत बहुसंख्य मुले होती. चेटूक झाल्याचा एकही विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही. उलट या गोष्टींची चर्चा जिथे वाढली तिथेच चेटकिणी उपजल्या, असा निष्कर्ष त्यांनी कळविला. १६१४ साली नवे कडक नियम झाले आणि त्या न्यायसभेकडून अशा शिक्षा जवळजवळ थांबल्या. जर्मनीत येशूसंघीय फ्रीड्रिख श्पे यांनी १६३१ साली नाव न घालता ग्रंथ लिहिला. छळ केला तर कोणीही काहीही कबूल करील, हा त्यांचा युक्तिवाद. १६३५ साली ट्रियर येथे साथीच्या रुग्णांची सेवा करताना त्यांनी देह ठेवला.

तेव्हा निवड कशी करावी? पुस्तक हाती घेताच चार गोष्टी पाहाव्यात. ते केव्हा लिहिले गेले? मरे यांचा सिद्धान्त निर्विवाद सत्य म्हणून सांगणारे पुस्तक इतिहास म्हणून बाजूला ठेवावे. आकडा कोठून आला हे लेखक सांगतो काय? कबुलीजबाब कोणत्या परिस्थितीत घेतले गेले, याची दखल आहे काय? आणि लेखक विरोधकाची बाजू विरोधकाला ओळखू येईल अशी मांडतो काय? हीच कसोटी आपल्या बाजूच्या पुस्तकांनाही लावावी. कॅथलिक धर्मगुरू म्हणून वावरणारे माँटेग्यू समर्स यांनी १९२८ साली क्रेमरच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर त्याची भलामण करीत प्रसिद्ध केले. असे पुस्तक भक्तिपर ग्रंथांच्या शेजारी ठेवण्याजोगे नाही.

जादूटोणा आणि भविष्यकथन यांबाबत ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे: देवाच्या हातचे आपल्या मुठीत घेऊ पाहणारे असे आचार श्रद्धेशी विसंगत आहेत. ती शिकवण मुलांना अवश्य सांगावी. पण तिचे समर्थन करण्यासाठी खोट्या इतिहासाची गरज नाही. ‘प्राचीन धर्म’ ही कथा ज्या मुलीला भुरळ घालते, तिच्या हातून पुस्तक हिसकावण्यापेक्षा तिच्याबरोबर हटन यांचे पुस्तक वाचणे अधिक फलदायी होईल. निसर्गाविषयीची तिची ओढ खरी असेल, तर असिसीचे संत फ्रान्सिस तिला परके वाटणार नाहीत.

आणि हा विषय केवळ युरोपचा नाही. आपल्या सातपुड्याच्या पाड्यांत ‘डाकीण’ ठरवून स्त्रियांना मारहाण झाली आहे, त्यांना गावाबाहेर काढले गेले आहे. एखाद्या व्यक्तीवर करणीचा आरोप ठेवून तिचा छळ करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कायदा शिक्षा देतो. अफवेवर विश्वास न ठेवण्याची सवय मात्र घरातच लावावी लागते. सालाझार यांनी तेच केले: ऐकीव गोष्टीला पुरावा मागितला. पुस्तक वाचताना आपल्या मुलांना तेवढे जमले, तर शेजारणीविषयी कुजबूज कानी येईल तेव्हाही ती पुरावा मागतील.