अडगळीच्या खोलीतील पहिला वर्ग: ग्रंथपालनाचे विद्यार्थी आणि फडताळांचा इतिहास

१/ ५ जानेवारी १८८७. न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात एका नव्या अभ्यासक्रमाचा पहिला दिवस. विषय होता ग्रंथपालन, आणि तो शिकवणारी शाळा जगात याआधी कोठेही नव्हती. वर्गात २० विद्यार्थी होते. त्यांतील १७ स्त्रिया. कोलंबियाचे वर्ग तेव्हा केवळ पुरुषांसाठी होते. स्त्रियांना शिकवायचे असेल तर कॉलेजची खोली मिळणार नाही, असे विश्वस्तांनी वर्ग उघडण्याच्या तोंडावर कळवले. अखेर प्रार्थनामंदिरावरची अडगळीची खोली झाडून घेण्यात आली, मिळेल ते सामान जमवले गेले आणि वर्ग भरला.

२/ पुस्तके कोठे ठेवायची, हे ग्रंथपाल ठरवतो. पण ग्रंथपाल कोणी व्हायचे, हे कोण ठरवते? या दोन प्रश्नांचा संबंध वाटतो त्यापेक्षा अधिक जवळचा आहे. त्या अडगळीच्या खोलीतून, आणि पुढे तिच्या परंपरेत वाढलेल्या शाळांतून, कोणकोण बाहेर पडले आणि त्यांनी फडताळांचे काय केले, त्याची ही हकीकत.

३/ शाळेचे संस्थापक होते मेलविल ड्यूई, कोलंबियाचे ग्रंथपाल. १८७६ साली त्यांनी दशांश वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली होती. सर्व ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा विभाग, प्रत्येक विभागाचे पुन्हा दहा उपविभाग. पुस्तकाला क्रमांक मिळतो तो विषयानुसार, कपाटानुसार नव्हे. त्यामुळे ग्रंथालय कितीही वाढले तरी क्रम मोडत नाही. कल्पना साधी होती आणि म्हणूनच जगभर पसरली.

४/ ड्यूई यांनी स्त्रियांसाठी दार उघडले, हे खरे. पण त्यामागे केवळ उदारता नव्हती. सुशिक्षित स्त्री पुरुषापेक्षा कमी पगारावर काम करते, हा हिशेब त्यांनी उघडपणे मांडला होता. प्रवेशअर्जात उंची, वजन, केसांचा आणि डोळ्यांचा रंग विचारला जाई. छायाचित्रही मागवले जाई. दार उघडणारा मनुष्य त्याच दाराशी मोजपट्टी घेऊन उभा होता.

५/ कोलंबियाच्या विश्वस्तांशी ड्यूई यांचे अखेर पटले नाही. १८८९ साली शाळा न्यूयॉर्क राज्याची राजधानी असलेल्या आल्बनी येथे हलली आणि राज्य ग्रंथालयाच्या आश्रयाने चालू लागली. खोली गेली, पण विद्यार्थी घडणे थांबले नाही.

६/ पहिल्या वर्गातील एक विद्यार्थिनी मेरी राइट प्लमर. जन्म १८५६, इंडियाना राज्यातील एका क्वेकर कुटुंबातला. वर्गात आल्या तेव्हा वय तिशीचे. कविता लिहिण्याची आवड. त्याच वर्षी ग्रंथपालांच्या परिषदेत त्यांनी या नव्या शाळेविषयी विद्यार्थ्याच्या दृष्टीतून निबंध सादर केला. पुढे ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी ग्रंथपालांची शाळा नावारूपाला आणली. १९११ मध्ये न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाची नवी शाळा सुरू झाली, तिच्या पहिल्या प्रमुख त्याच. १९१५ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. अडगळीच्या खोलीपासून तेथवरचे अंतर २८ वर्षांचे.

७/ प्लमर यांच्या हाताखाली प्रॅटमध्ये शिकलेली एक विद्यार्थिनी अ‍ॅन कॅरोल मूर. त्यांना वडिलांसारखे वकील व्हायचे होते. वडिलांच्या कचेरीत बसून त्या कायदा शिकतही होत्या. आईवडिलांच्या निधनाने तो मार्ग बंद झाला आणि १८९५ मध्ये त्या ग्रंथपालनाकडे वळल्या. लहान मुलांना तेव्हा बहुतेक ग्रंथालयांत प्रवेशच नसे. मूर यांनी आधी प्रॅटमध्ये आणि १९०६ पासून न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात मुलांच्या वाचनकक्षांची घडी बसवली. मुलांच्या उंचीची फडताळे, मुलांच्या मापाच्या खुर्च्या, गोष्टी सांगण्याची वेळ: आज सहज वाटणाऱ्या या गोष्टी कोणीतरी प्रथम रुजवल्या होत्या.

८/ पण या शाळांत कृष्णवर्णीय विद्यार्थी होते का? त्याचे उत्तर एडवर्ड क्रिस्टोफर विल्यम्स यांच्यापासून सुरू होते. जन्म १८७१, क्लीव्हलँड. महाविद्यालयात वर्गात पहिले आले आणि पुढे त्याच संस्थेचे ग्रंथपाल झाले. १८९९ मध्ये रजा काढून ते आल्बनीला गेले आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी एका वर्षात पुरा केला. व्यावसायिक शिक्षण घेतलेले पहिले आफ्रिकन-अमेरिकन ग्रंथपाल म्हणून त्यांची नोंद होते. १९१६ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९२९ पर्यंत, ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाचे ग्रंथपाल होते.

९/ विल्यम्स यांची आणखी एक ओळख बराच काळ अंधारात राहिली. १९२५-२६ मध्ये ‘द मेसेंजर’ या मासिकात एक पत्रात्मक कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते. ती विल्यम्स यांची होती. पुस्तकरूपाने ती वाचकांच्या हाती आली एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आयुष्यभर इतरांच्या पुस्तकांवर नावे आणि क्रमांक घालणाऱ्या माणसाचे स्वतःचे पुस्तक तोवर निनावी पडून होते.

१०/ दुसरे नाव नेला लार्सन. आई डेन्मार्कची, वडील कॅरिबियन बेटांवरचे. शिक्षण परिचारिकेचे; १९१८ च्या इन्फ्लूएन्झाच्या साथीत त्यांनी न्यूयॉर्कमध्ये रुग्णसेवा केली. मग हार्लेममधील १३५ व्या रस्त्यावरच्या ग्रंथालयात एका प्रदर्शनासाठी मदत करता करता त्यांना पुस्तकांची ओढ लागली. प्लमर यांनी सुरू केलेल्या शाळेतून १९२३ मध्ये त्यांनी शिक्षण पूर्ण केले. त्या शाळेतून उत्तीर्ण झालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पुढे १९२८ आणि १९२९ मध्ये आलेल्या ‘क्विकसँड’ व ‘पासिंग’ या त्यांच्या कादंबऱ्या आज हार्लेमच्या साहित्यिक नवजागरणातील महत्त्वाच्या कृती मानल्या जातात.

११/ १९२६ मध्ये आल्बनीची शाळा आणि न्यूयॉर्क ग्रंथालयाची शाळा एकत्र झाल्या आणि पुन्हा कोलंबियात आल्या. ज्या संस्थेने एकेकाळी खोली नाकारली, तिनेच आता शाळेला घर दिले. याच शाळेतून १९३२ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली डॉरोथी पोर्टर यांनी. तेथे ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन.

१२/ पोर्टर यांची नेमणूक १९३० मध्येच हॉवर्ड विद्यापीठात झाली होती. जेसी मूरलँड या पाद्र्याने १९१४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाविषयीचा आपला संग्रह विद्यापीठाला दिला होता: तीन हजारांहून अधिक पुस्तके, हस्तलिखिते आणि चित्रे. त्याची नीट मांडणी व्हायची होती. मांडणी करायला बसल्यावर पोर्टर यांना एक विचित्र अडचण आली, आणि ती थेट ड्यूई यांच्या दशांश पद्धतीतून आलेली होती.

१३/ त्या पद्धतीत कृष्णवर्णीयांशी संबंधित पुस्तकांसाठी व्यवहारात दोनच घरे उरत. ३२६ म्हणजे गुलामगिरी आणि ३२५ म्हणजे स्थलांतर व वसाहती. इतर ग्रंथालये काय करतात, हे पोर्टर यांनी पाहिले. जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्यासारख्या नामांकित कवीचा काव्यसंग्रहसुद्धा ३२५ मध्ये जाऊन बसे. पुस्तकात काय आहे ते गौण. लिहिणारा कोण, एवढेच पाहिले जाई. कवी असो, वैद्य असो वा संगीतकार, ग्रंथालयाच्या लेखी तो स्थलांतराचा प्रश्न होता.

१४/ पोर्टर यांनी हे नाकारले. त्यांनी संग्रहाची फेरमांडणी विषयानुसार आणि लेखकानुसार केली: कविता कवितेत, इतिहास इतिहासात, वैद्यक वैद्यकात. ऐकायला ही किरकोळ दुरुस्ती वाटते. परंतु एखाद्या समाजाने कोणकोणत्या क्षेत्रांत लेखन केले, हे फडताळासमोर उभे राहताच दिसावे, असे त्या मांडणीने प्रथमच घडले. गुलामगिरी हा त्या समाजाच्या इतिहासाचा एक भाग होता; त्याचे संपूर्ण वर्णन नव्हते.

१५/ खरेदीसाठी पैसा अत्यल्प होता. पोर्टर प्रकाशकांना, पुस्तकविक्रेत्यांना, लेखकांच्या कुटुंबांना पत्रे लिहून पुस्तके मागत. १९४६ मध्ये वकील आर्थर स्पिंगार्न यांचा मोठा संग्रह विद्यापीठाने विकत घेतला. १९७३ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तेव्हा ४३ वर्षांच्या कामातून कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे जगातील एक अग्रगण्य संशोधनकेंद्र उभे राहिले होते.

१६/ आता भारताकडे. ड्यूई यांच्या पद्धतीत धर्माला २०० ते २९९ हे क्रमांक होते. त्यांतील बहुतांश ख्रिस्ती धर्माला. जगातील उरलेले सारे धर्म २९० च्या एका विभागात. भारतीय ग्रंथपालाला ही अडचण पहिल्या दिवसापासून जाणवणे स्वाभाविक होते. प्रश्न एवढाच होता की भारतीय ग्रंथपाल घडणार कोठे?

१७/ पहिले उत्तर मराठी राजवटीच्या एका संस्थानाने दिले. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून प्रभावित झालेल्या सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावले. १९११ मध्ये बॉर्डन यांनी तेथे प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. ते परतल्यावर कामाची धुरा आली जनार्दन कुडाळकर यांच्याकडे. त्यांचे मूळ शिक्षण कायद्याचे. १९१२ पासून बडोद्याहून ‘लायब्ररी मिसलेनी’ हे त्रैमासिक निघू लागले, आणि त्यात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठीलाही स्थान होते.

१८/ दुसरे उत्तर लाहोरचे. आल्बनीत शिकलेले एसा डॉन डिकिन्सन १९१५ मध्ये पंजाब विद्यापीठात आले आणि त्यांनी तेथे वर्ग घेतला. त्या वर्गातील एक विद्यार्थी के. एम. असदुल्ला. १९३० मध्ये ते कलकत्त्याच्या इम्पीरियल लायब्ररीचे ग्रंथपाल झाले. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ग्रंथालय संघाचे पहिले चिटणीसही तेच. आजचे राष्ट्रीय ग्रंथालय ते त्याच इम्पीरियल लायब्ररीचे पुढचे रूप. आल्बनीचा धागा असा लाहोरमार्गे कलकत्त्यापर्यंत पोचला.

१९/ तिसरे उत्तर मात्र अनपेक्षित होते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताचे अध्यापक शियाळी रामामृत रंगनाथन जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथालयातील शांतता आणि एकटेपणा त्यांना असह्य झाला. काही दिवसांतच त्यांनी कॉलेजात परत जाण्याची इच्छा व्यक्त केली. तडजोड अशी ठरली, की आधी लंडनला जाऊन प्रशिक्षण घ्यावे. परतल्यावरही मन रमले नाही, तर खुशाल गणित शिकवावे.

२०/ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्विक सेयर्स त्यांना वर्गीकरण शिकवत. ३२ वर्षांचा हा विद्यार्थी वर्गापुरता थांबला नाही. इंग्लंडमधील शंभरावर ग्रंथालये त्याने पालथी घातली. दशांश पद्धतीतील त्रुटी त्याच्यातील गणितज्ञाला खुपत होत्या. एके दिवशी लंडनच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, त्याच चकत्या, तेच स्क्रू. पण जोडणी बदलली की वस्तू बदलते. विषयांचेही असेच का असू नये?

२१/ त्यातून १९३३ मध्ये आले द्विबिंदू वर्गीकरण. ड्यूई यांनी विषयांची घरे आधीच बांधून ठेवली होती. रंगनाथन यांनी घर बांधण्याचे सुटे भाग दिले. फुप्फुसे, क्षयरोग, क्ष-किरण उपचार, भारत, १९५० चे दशक: हे घटक स्वतंत्र चिन्हांनी दाखवायचे आणि पुस्तकानुसार जोडायचे. धर्माच्या वर्गात वैदिक, हिंदू, जैन, बौद्ध, यहुदी, ख्रिस्ती, इस्लाम या प्रत्येकाला स्वतःचा अंक मिळाला. ‘उरलेले सारे’ असा प्रमुख धर्मांचा गठ्ठा तेथे राहिला नाही.

२२/ गणिताकडे परतण्याची वेळ पुन्हा आली नाही. १९२९ मध्ये मद्रासला त्यांनी ग्रंथपालनाचा वर्ग सुरू केला. १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री प्रसिद्ध झाली. १९६२ मध्ये बंगळुरूला संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिन म्हणून भारतात ग्रंथपाल दिन साजरा होतो.

२३/ परिचारिका, वकिलीची उमेदवार, कवयित्री, कायद्याचा पदवीधर, गणिताचा अध्यापक. ही मंडळी ग्रंथपालनाकडे आली ती वेगवेगळ्या वाटांनी, आणि येताना आपापला अनुभव बरोबर घेऊन आली. पोर्टर यांना ३२५ चा अन्याय दिसला, कारण त्या क्रमांकात कोंबलेली माणसे त्यांच्या समाजाची होती. रंगनाथन यांना २९० ची दाटी दिसली, कारण तेथे दाटीने बसवलेला धर्म त्यांच्या घरातला होता. वर्गीकरणातील पोकळ जागा बहुधा त्यालाच दिसते, ज्याला त्या वर्गीकरणाने जागा दिलेली नसते.

२४/ ड्यूई यांचा हिशेबही काळाने मांडला. त्यांच्या खासगी क्लबात ज्यूंना प्रवेश नसे. त्याविरुद्ध झालेल्या तक्रारींनंतर १९०५ मध्ये त्यांना राज्य ग्रंथपालपद सोडावे लागले. स्त्रियांशी त्यांच्या गैरवर्तनाच्या तक्रारीही होत्या. २०१९ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाने आपल्या पदकावरून त्यांचे नाव काढण्याचा ठराव केला. कोलंबियातील शाळा त्याआधीच, १९९२ मध्ये, बंद झाली होती.

२५/ पद्धती मात्र टिकून आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन धर्माचे कपाट पाहिले, तर हिंदू धर्मावरील पुस्तकाच्या पाठीवर बहुधा २९४.५ हा अंक सापडेल. १८७६ मध्ये आखलेल्या त्या शेवटच्या विभागातील तो एक कोपरा. दशांशचिन्हानंतरचा तो ५ सहज वाचून पुढे जाता येते. पण धर्माच्या वर्गातील आधीचे ९० क्रमांक कोणाला दिले गेले होते, हे ठाऊक असलेला वाचक त्या चिठ्ठीपाशी क्षणभर थांबतो.