परिचारिकेचं जाणतेपण: एका पदवीचा इतिहास

आयोजकांनी मला फोनवर दोन विषय सुचवले होते. एक शांकर वेदान्त, आणि दुसरा नर्सिंगमधलं उच्च शिक्षण. मी दुसरा घेतला तेव्हा पलीकडून जरा वेळ आवाजच आला नाही. तत्त्वज्ञानाचा मास्तर नर्सिंगवर काय बोलणार, अशी शंका त्यांना आली असावी. पण ‘ज्ञान म्हणजे काय, आणि कोणाचं ज्ञान ज्ञान म्हणून धरलं जातं’ हा माझ्या विषयातला जुना प्रश्न आहे, आणि आपल्या समाजात तो रुग्णाच्या उशाशी जितका स्पष्ट दिसतो तितका कुठल्याच ग्रंथात दिसत नाही. शिवाय या सभागृहात नर्सिंग शिकणाऱ्या किंवा शिकलेल्या मुली बसल्या आहेत. शंकराचार्य पुढच्या वर्षी.

सुरुवात चरकापासून करतो, कारण हा घोळ तिथपासूनचा आहे. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येकाचे चार-चार गुण. परिचारकाचे गुण कोणते? रुग्णाविषयी आपुलकी हवी, स्वच्छता हवी, कामात दक्षता हवी. आणि यादीत सर्वांत आधी येते ती उपचारज्ञता. म्हणजे शुश्रूषा कशी करायची याचं ज्ञान. नीट लक्षात घ्या, हा ग्रंथ परिचारकाकडे पहिली मागणी ज्ञानाची करतो. पण त्याच अध्यायात पुढे असंही येतं की या चौघांत वैद्य मुख्य, कारण जाणणारा तो आणि आज्ञा देणाराही तोच. झालं! ज्ञान दोघांकडे, अधिकार एकाकडे. आपण पुढे काय केलं, तर परिचारकाची आपुलकी लक्षात ठेवली आणि त्याचं ज्ञान विसरून गेलो.

सावित्रीबाई फुल्यांचं उदाहरण घ्या. 1896 साली मुंबईत प्लेग आला, मग पुण्यात पसरला. डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांची शुश्रूषा करत होत्या. प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तिथे आणलं, त्यांनाही लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. आपण याला त्याग म्हणतो. तो होताच. पण साथीत कोणाला आधी उचलायचं, कुठे न्यायचं, काय आधी करायचं, हे त्या बाईंना कळत होतं, याला आपण काहीच म्हणत नाही. त्याग म्हटलं की हात जोडून मोकळं होता येतं. ज्ञान म्हटलं की जागा द्यावी लागते, पगार द्यावा लागतो, निर्णयाचा हक्क द्यावा लागतो.

मुंबईतलं रीतसर शिक्षण त्याच्या थोडं आधी सुरू झालं होतं. 1886 मध्ये कामा हॉस्पिटल उघडलं. तिथल्या प्रमुख डॉ. एडिथ पेची यांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणाची सोय केली. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत 1891 साली प्रशिक्षणाला आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत हे नाव येतं. नाव आणि साल, एवढंच. आनंदीबाई जोश्यांवर चरित्रं झाली, मालिका झाल्या, सिनेमा झाला. काशीबाईंच्या वाट्याला परीक्षेत एका गुणाचा प्रश्न आला.

रमाबाई रानड्यांनी मात्र या कामातली खरी अडचण ओळखली. 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि तिथल्या बायका, त्यांत कितीतरी विधवा, ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. त्या काळी हे केवढं धाडस होतं बघा. घरातली बाई परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणार, कोणत्या जातीचा रुग्ण ते विचारणार नाही, रात्रपाळी करणार. म्हणून तर कितीतरी वर्षं हे काम ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुलींचं समजलं गेलं, आणि पुढे मुंबईच्या वॉर्डांत केरळच्या सिस्टर आल्या. ज्या कामाला आपण तोंडानं पुण्य म्हणत होतो, त्याला आपली मुलगी पाठवायला आपण तयार नव्हतो. या किनाऱ्यावरच्या मुली आज ते बिनदिक्कत करतात, यात त्या ससूनला गेलेल्या बायकांचा वाटा आहे.

आता 1947 कडे येऊ. रेवसमध्ये ते साल वेगळं सांगायला नको. 17 जुलै, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून इकडेच यायला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, मुंबईला बातमी कळायलाच कित्येक तास गेले. जे वाचले त्यांतले बरेचसे मासळी घेऊन निघालेल्या आपल्या कोळी बांधवांच्या होड्यांनी वाचवले. ज्यांच्याकडे अधिकार होता ते दूर होते आणि जे जवळ होते त्यांनी ठरवलं. हे मी उगीच सांगत नाही, याच्याकडे परत येणार आहे.

त्याच वर्षाच्या शेवटी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. त्याआधी 1946 मध्ये भोर समितीचा अहवाल आला होता. समितीच्या हिशेबानं देशात साधारण 6,300 लोकांमागे एक डॉक्टर होता, आणि नर्स? 43,000 लोकांमागे एक! जगात बहुतेक ठिकाणी डॉक्टरांपेक्षा परिचारिका जास्त असतात, आपल्याकडे तेव्हा उलटं होतं. 1946 सालीच दिल्लीला आणि वेल्लोरला नर्सिंगची पहिली विद्यापीठीय पदवी सुरू झाली. महाराष्ट्रात ती यायला 1964 उजाडलं: मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज ऑफ नर्सिंग. अण्णासाहेब कर्व्यांनी 1916 मध्ये स्त्रियांचं विद्यापीठ काढलं तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती. त्याच विद्यापीठानं परिचारिकेला पदवीधर केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. ‘ट्रेनिंग झालेली बाई’ आणि ‘बी.एस्सी. झालेली बाई’ यांत फरक फक्त कागदाचा नसतो. पहिलीला कसं करायचं ते सांगितलेलं असतं. दुसरीला का करायचं हे विचारायची मुभा असते, निदान कागदावर तरी.

आता मी जी घटना सांगणार आहे ती सर्वांना माहीत आहे, तरी वेगळ्या अंगानं सांगतो. अरुणा शानबाग केईएम हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या. 27 नोव्हेंबर 1973 ला त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या जवळजवळ पूर्ण नेणिवेत गेल्या. 18 मे 2015 ला त्यांचा मृत्यू झाला. मधली बेचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. एका पिढीतल्या निवृत्त झाल्या, दुसऱ्या पिढीतल्यांनी ड्यूटी घेतली. दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा न्यायालयानं तीन डॉक्टरांची समिती नेमली. त्यांना अंगावर बेडसोर दिसले नाहीत. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या देहावर बेडसोर नसणं म्हणजे काय, हे ज्यानं घरात आजारी म्हातारं माणूस सांभाळलंय त्यालाच कळेल. सिस्टरनी समितीला सांगितलं, हिला मासळीचं सूप आवडतं, अमुक आवाज काढते तेव्हा अमुक हवं असतं.

7 मार्च 2011 च्या निकालानं काही अटींवर निष्क्रिय दयामरणाला वाट करून दिली, म्हणून तो गाजला. मला त्यातला दुसरा मुद्दा मोठा वाटतो. अरुणाच्या वतीनं बोलायचा हक्क कोणाचा? न्यायालय म्हणालं, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, कारण रात्रंदिवस त्यांनीच तिला सांभाळलं आहे. आपल्या मराठीत ‘आप्त’ म्हणजे नातेवाईक. न्यायशास्त्रात ‘आप्त’ म्हणजे ज्याचं वचन प्रमाण मानावं असा जाणता माणूस. त्या निकालात दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी आले. परिचारिका रक्ताच्या नव्हत्या, पण आप्त ठरल्या, आणि त्यांचं ‘आम्हाला कळतं’ हे म्हणणं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं पुरावा म्हणून ऐकलं.

पण रोजच्या वॉर्डात काय होतं? तिथे तेच म्हणणं ‘सिस्टर, तुम्ही मध्ये बोलू नका’ यावर थांबतं.

इथल्याच एका मुलीनं मला प्रश्न लिहून पाठवला आहे. ती बी.एस्सी. झालीय. विचारते, ‘सर, एम.एस्सी. केलं तर मी पेशंटपासून लांब जाईन का?’ प्रश्न अचूक आहे. एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचं. बी.एस्सी.नंतर एक वर्षाचा अनुभव लागतो. मेडिकल-सर्जिकल, सामुदायिक आरोग्य, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग, मानसिक आरोग्य यांतली एक शाखा निवडायची. पहिल्या वर्षी ‘अ‍ॅडव्हान्स्ड नर्सिंग प्रॅक्टिस’ नावाचाच पेपर असतो, दुसऱ्या वर्षी मॅनेजमेंटचा. म्हणजे प्रगत शुश्रूषा आणि नेतृत्व, दोन्ही अभ्यासक्रमात आहेत. पण पास झाल्यावर दारं दोनच मोठी उघडतात: कॉलेजात शिकवणं, नाहीतर ऑफिसात बसणं. रुग्णापाशी उभं राहून त्या पदवीच्या जोरावर निर्णय घेता येईल असं पद शोधावं लागतं. सरकारी शब्दसुद्धा बघा: स्टाफ नर्स ती अधिपरिचारिका, बढती मिळाली की परिसेविका, आणि आणखी वर गेली, मेट्रन झाली, की अधिसेविका. जसजशी वर जाते तसतशी ती परिचारिकेची सेविका होत जाते! हे शब्द कोणी शोधले कोण जाणे.

अमेरिकेत हा पेच 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेनं हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाला बरोबर घेऊन सोडवायला घेतला. जिथे डॉक्टर पोहोचत नव्हते तिथली मुलं परिचारिकेनंच तपासावीत, त्यासाठी तिला जास्तीचं शिक्षण द्यावं, अशी ही कल्पना. तिलाच पुढे नर्स प्रॅक्टिशनर म्हणू लागले. विरोध डॉक्टरांचा झालाच, पण नर्सिंगच्या प्राध्यापकांचाही झाला. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलनं 2016 च्या सुमारास अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. तो निवासी डॉक्टरांच्या धर्तीवर आहे, बहुतांश वेळ रुग्णापाशी. कल्पना उत्तम. पण शिकून बाहेर पडलेलीला रुग्णालयानं त्या नावाचं पद, त्या पदाचा पगार आणि लेखी अधिकार दिला नाही, तर ती पुन्हा स्टाफ नर्सच.

अधिकार द्यायला आपण किती कचरतो याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत, गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा त्या देत. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. पुढे 2011 मध्ये देशानं घरभेटींची योजना स्वीकारली, ती आशाताईंवर सोपवली. भेटी घेतल्या, सुई मात्र हातात दिली नाही.

म्हणून त्या मुलीला माझं उत्तर असं. शिक, जरूर शिक. पण कॉलेज निवडताना इमारत पाहू नकोस. जोडलेल्या रुग्णालयात खाटा किती भरलेल्या असतात ते पाहा, आणि तुला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून किती दिवस वॉर्डात जातात ते विचार. प्रबंधाला विषय घेशील तो रेवस-बोडणीचा घे: मासेमारीला जाणाऱ्यांचा रक्तदाब, रात्री अडलेली बाळंतीण, पावसात लाँच बंद असताना अलिबागपर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर जाणारा रुग्ण. करंज्याच्या पुलाचं काम आता कुठे सुरू झालंय, अंतुल्यांच्या काळापासून आपण त्याची वाट पाहतोय. पूल झाला तरी पहिला तासभर रुग्ण इथेच असणार आणि त्याच्याजवळ उपकेंद्रातली नर्सच असणार. 2018 पासून अशा उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमतात, त्यांत बी.एस्सी. नर्सही असतात. ती रक्तदाब, साखर तपासते, ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलते. ‘रामदास’च्या वेळच्या होडीवाल्यासारखी तीच सर्वांत जवळ. आणीबाणीत तिनं कुठलं औषध स्वतःच्या सहीनं द्यावं, याची यादी लेखी असली पाहिजे, आणि तिनं ते दिलं म्हणून उद्या चौकशी लागता कामा नये. 2023 मध्ये नर्सिंगचा नवा राष्ट्रीय कायदा आला आहे, नियम अजून घडतील. ती यादी मागायची वेळ हीच आहे, आणि ती मागायला शिकलेल्या परिचारिकाच पुढे याव्या लागतील. डॉक्टर ती आपणहून देणार नाहीत. प्राध्यापक तर नाहीच नाही.

माझा वेळ संपला. शेवटची लाँच गाठायची आहे त्यांनी आधी प्रश्न विचारा, बाकीचे थांबू.