लेअरची कुळकथा

विन्सर मॅकेच्या १९१४ सालच्या ॲनिमेशनपटातली गर्टी ही डायनॉसॉरीण मोठी लडिवाळ. तिच्या भोवतालचे खडक मात्र सारखे थरथरतात. भीतीनं नव्हे. गर्टीची प्रत्येक हालचाल नव्या कागदावर काढायची आणि त्याच कागदावर तेच खडक, तेच तळं पुन्हा गिरवायचं, असा मामला होता. हे गिरवणं मॅकेनं जॉन फिट्झसिमन्स या मदतनिसाकडे सोपवलं होतं. हजारो कागदांवर एकच दगड काढणाऱ्या या माणसाला लेअरची, म्हणजे चित्राचे भाग वेगवेगळ्या थरांवर काढण्याची, गरज सगळ्यात आधी कळली असणार, असं मला वाटतं.

जॉन ब्रे या ॲनिमेटरनं यावर तोड काढली: पार्श्वभूमी कागदांवर आधीच छापून घ्यायची. पण मग पात्रानं मोकळ्या जागेतच वावरायचं, नाहीतर छापील रेघ त्याच्या अंगातून आरपार दिसणार. खरा तिढा सोडवला अर्ल हर्ड या दुसऱ्या ॲनिमेटरनं. हलणारं तेवढं पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावावर, म्हणजे ‘सेल’वर काढायचं, पार्श्वभूमी एकदाच रंगवून खाली ठेवायची. १९१५ मध्ये त्याला पेटंट मिळालं. ब्रेनं धूर्तपणे त्याच्याशी भागीदारी केली आणि पुढं बरीच वर्षं इतर स्टुडिओ या दोघांच्या कंपनीला परवान्याचे पैसे मोजत राहिले.

सेल्युलॉइड काचेइतकं स्वच्छ मात्र नव्हतं. चार-पाच ताव एकावर एक आले की तळचा रंग मळकट दिसे. म्हणून खालच्या तावावरचा लाल थोडा उजळ कालवायचा; आणि मधूनच एखादं पात्र निघून गेलं, तर त्याच्या जागी कोरा ताव सरकवायचा, नाहीतर उरलेल्यांचे रंग एकदम उजळत. हा कोरा ताव मला फार आवडतो. त्यावर काही नाही, तरी तो हवाच.

थरांमध्ये अंतर ठेवलं की खोली येते, हे लोट्टे रायनिगरनं जर्मनीत काचा वापरून १९२६ च्या ‘प्रिन्स अख्मद’ या चित्रपटात दाखवलं होतं. असे अंतरावर मांडलेले थर टिपणारा डिस्नेचा मल्टिप्लेन कॅमेरा आला १९३७ च्या ‘द ओल्ड मिल’ या लघुपटात. सपाट चित्राजवळ कॅमेरा नेला की झाडाबरोबर चंद्रही फुगतो. थर वेगळे केले की झाड जवळ येतं, चंद्र जागेवर राहतो.

मग थर संगणकावर आले: १९९३ मध्ये आफ्टर इफेक्ट्स हे हलत्या चित्रांचं सॉफ्टवेअर आलं, १९९४ मध्ये फोटोशॉपला लेअर मिळाले. ताव अखेर निर्मळ झाला. शंभर रचले तरी रंग मळत नाही. मात्र नवशिक्या तयार चित्रातला हात कापून वेगळ्या लेअरवर ठेवतो, खांद्यातून फिरवतो, आणि मागे सदऱ्याला भगदाड दिसतं. तिथं काही काढलेलंच नसतं. म्हणून हलवायचं चित्र काढताना बटांखालचं कपाळ पुरतं रंगवायचं, बुबुळामागचा पांढरा भाग अख्खा काढायचा, आणि पात्र बोलणार असेल तर मिटल्या ओठांमागे दात आणि जीभही.