अतिआधुनिक पद्धती, बुद्धिबळातील
बुद्धिबळाच्या पटाचा मध्य प्याद्यांनी व्यापण्याऐवजी उंट व घोडे यांच्या दुरून पडणाऱ्या माऱ्याने नियंत्रित करण्याची पद्धती. आरोन निम्झोविच, रिखार्ड रेटी प्रभृतींनी १९२० च्या दशकात तिची तात्त्विक मांडणी केली. न्यूयॉर्क येथे १९२४ मध्ये रेटीने तत्कालीन जगज्जेता कापाब्लांका याचा पराभव केल्यामुळे तिला प्रतिष्ठा लाभली. महाराष्ट्रासह भारतातील देशी खेळात मात्र प्यादे आरंभी सामान्यतः एकच घर सरकत असल्याने बाजूच्या कर्णावर उंट बसविणे स्वाभाविक होते. मोहेशचंद्र बॅनर्जी यांनी १८५० च्या दशकात कोलकाता येथे जॉन कॉक्रेनविरुद्ध असाच पवित्रा घेतला होता. अशा बचावांना पुढे ‘भारतीय बचाव’ हे नाव मिळाले; त्यांच्या या आद्य खेळाडूची मात्र दीर्घकाळ उपेक्षा झाली.