दर्शनीय आणि संवेजनीय : कान्हेरीची लेणी आणि छायाचित्रकाराची दृष्टी

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी आनंदाला चार स्थाने सांगितली आहेत : जन्माचे, संबोधीचे, धम्मचक्रप्रवर्तनाचे आणि महापरिनिर्वाणाचे. श्रद्धावान कुलपुत्राने ही स्थाने पाहावीत असे सांगताना त्यांच्यासाठी दोन विशेषणे योजिली आहेत : 'दस्सनीय' आणि 'संवेजनीय'. पहिल्याचा अर्थ सोपा आहे. जे पाहण्याजोगे ते दर्शनीय. दुसरे विशेषण 'संवेग' या शब्दापासून आले आहे. जे पाहिल्याने मन हलते, अनित्यतेची जाणीव होते आणि पाहणारा आपल्या जगण्याकडे नव्याने वळतो, ते संवेजनीय. सुत्तात ही दोन्ही विशेषणे एकत्र येतात. आधुनिक पर्यटनाने त्यांतील पहिले तेवढे ठेवून घेतले आणि दुसरे सोडून दिले. ही ताटातूट कशी झाली आणि तीत छायाचित्राचा वाटा किती, हे कान्हेरीच्या उदाहरणावरून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीला पावसाळ्याच्या रविवारी जी गर्दी लोटते, तिच्यातील जवळजवळ प्रत्येकाच्या हाती आज छायाचित्र घेण्याचे साधन असते. धबधबा, हिरवा डोंगर, तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीतील सुमारे तेवीस फूट उंचीच्या दोन बुद्धमूर्ती आणि त्यांच्यापुढे उभे असलेले आप्तेष्ट, एवढे चित्रात आले की सहल पुरी होते. निसर्गाच्या आनंदाला आमचा विरोध नाही. थेरगाथेतील महाकश्यपांच्या गाथा ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना डोंगर, पाऊस आणि थंड पाण्याचे झरे अर्हतालाही रमवतात हे ठाऊक आहे. प्रश्न एवढाच की, या चित्रांतून कान्हेरीचे नेमके काय हरवते?

कॅमेरा येण्यापूर्वीच कान्हेरीकडे पाहण्याची एक परकी दृष्टी तयार झाली होती. साष्टी बेट पोर्तुगीजांकडे गेल्यावर सोळाव्या शतकात जुआंव द कास्त्रो आणि गार्सिया द ऑर्ता यांनी या लेण्यांविषयी लिहिले. याच काळात येथील चैत्यगृहाचा वापर ख्रिस्ती प्रार्थनास्थळ म्हणून होऊ लागला. १६७५ मध्ये फ्रायर हा इंग्रज वैद्य येथे येऊन गेला. १८०४ मध्ये हेन्री सॉल्ट या चित्रकाराने साष्टीतील लेण्यांची रेखाटने केली. ती वर्णनासह १८१९ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या पहिल्या खंडात छापली गेली. या प्रवाशांना लेण्यांच्या भव्यतेचे नवल वाटले. परंतु ही कोणाची घरे, येथे कोण राहत होते आणि कशासाठी, हे त्यांना सांगणारा कोणी उरला नव्हता. भारतात बुद्धाचे नाव पुसले गेल्याचा हा परिणाम होता. स्थान समोर उभे होते, स्मृती नव्हती.

१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा या सोसायटीशी संबंध होता. याच भाऊ दाजींनी अजिंठ्याच्या शिलालेखांचेही वाचन केले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रतिमा आणि लेख या दोहोंचे महत्त्व त्या पिढीतील एका मराठी विद्वानाने ओळखले होते. १८५५ पासून मुंबई सरकारने प्राचीन वास्तूंच्या चित्रणाचे काम चित्रकारांऐवजी छायाचित्रकारांकडे देण्यास आरंभ केला आणि कॅप्टन बिग्ज यांची नेमणूक केली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करणारे मेजर रॉबर्ट गिल हेही पुढे कॅमेऱ्याकडे वळले. १८६४ मध्ये फर्ग्युसन यांनी लेण्यांवर जे पुस्तक काढले, ते गिल यांच्या छायाचित्रांनी सजलेले होते. गिल यांनी रंगवलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. एकच प्रत असणे किती धोक्याचे असते, याचा हा धडा आहे.

त्या काळचे छायाचित्रण कष्टाचे होते. काचेच्या पट्टीवर रसायन चढवून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि तेथेच अंधाऱ्या तंबूत ती धुवावी लागे. लेण्याच्या आतील अंधारात हे काम फारच अवघड. त्यामुळे कॅमेरा साहजिकच उजेडाकडे, म्हणजे दर्शनी भागाकडे, ओसरीकडे आणि मोठ्या स्तंभांकडे वळला. उंची कळावी म्हणून स्तंभाजवळ एखादा स्थानिक माणूस उभा करीत. त्याचे नाव बहुधा कोठेच नसे. तंत्राच्या मर्यादेतून अशी एक आवड घडली आणि पुढे मर्यादा संपली तरी आवड राहिली. आजच्या यंत्राला अंधाराचे भय नाही. तरीही लेण्याचे चित्र म्हणजे त्याची दर्शनी बाजू, हा समज कायम आहे.

याच काळात कान्हेरीत दुसऱ्या प्रकारचे काम चालले होते. ई. डब्ल्यू. वेस्ट यांनी येथील शिलालेखांच्या नकला हाताने उतरवून घेतल्या आणि १८६१ मध्ये त्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. १८८३ मध्ये बर्जेस आणि ब्यूलर यांनी या लेखांचे वाचन पुढे नेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला डॉ. शोभना गोखले यांचा 'कान्हेरी इन्स्क्रिप्शन्स' हा ग्रंथ या परंपरेचा परिपाक होय. नकलेचे मोल एका ताम्रपटावरून कळते. १८३९ मध्ये डॉ. जेम्स बर्ड यांनी चैत्यगृहासमोरचा स्तूप उघडला, तेव्हा तांब्याची पात्रे, रक्षा आणि रत्ने यांच्याबरोबर त्रैकूटक काळातील एक ताम्रपटही मिळाला. सिंधु देशातील कनक गावच्या बुद्धरुचीने कृष्णगिरीच्या महाविहारात चैत्य उभारला, असे तो सांगतो. त्यातील वर्ष २४५ म्हणजे इसवी सन ४९४ होय. विद्वानांनी हा लेख वाचला तो बर्ड यांनी छापलेल्या नकलेवरून.

आता लेख काय सांगतात ते पाहू. कान्हेरीतील लेखांची संख्या शंभराच्या आसपास आहे. त्यांची भाषा बहुतांशी प्राकृत असून पाली जाणणाऱ्यास ती परकी वाटत नाही. 'लेण' म्हणजे आपले लेणे, 'देयधम्म' म्हणजे धर्मदान, 'चातुदिस संघ' म्हणजे चारही दिशांतून येणारा संघ. आणि एक शब्द पुन्हा पुन्हा येतो : 'पोढी', किंवा 'पानीयपोढी', म्हणजे खडकात खोदलेले पिण्याच्या पाण्याचे टाके. आजही प्रत्येक लहान विहाराच्या दाराशी हे टाके दिसते. डोंगरावर पडणारे पाणी कोरीव पन्हळींतून त्यात उतरते. पाहणारा ते ओलांडून पुढे जातो, कारण चित्रात ते केवळ एक काळा चौकोन दिसते.

ही टाकी कोणी दिली? एका संस्कृत लेखात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याच्या राणीचा उल्लेख आहे. ती क्षत्रपांच्या कार्दमक कुळातील राजकन्या. तिच्या संबंधात अमात्य सतेरक याने 'पानीयभाजन' दिले. दुसऱ्या लेखात कल्याणचा सोनार सामिदत्त पानीयपोढी देतो. कल्याणचाच नंद नावाचा लोहार डोंगरावरची वाट बांधून देतो. सोपाऱ्याचा मणिकार नागपालित, धेनुकाकटची थेरी पोणकीअसना, व्यापारी, गृहिणी, भिक्षुणी असे नाना लोक येथे आपले नाव आणि आपले दान कोरून ठेवतात. अमात्य आणि सोनार एकाच डोंगरावर एकाच प्रकारचे दान देतात. ते घेणाऱ्या संघात पाण्याला शिवण्यावरून भेद नव्हता. चारही दिशांतून कोणीही यावे आणि पाणी प्यावे, असा त्या दोन अक्षरी शब्दाचा अर्थ आहे.

हा अर्थ आमच्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. तरी एका प्रसंगाचे स्मरण येथे अगत्याचे आहे, कारण तो प्रेक्षणीय स्थळांच्या प्रवासाचाच आहे. १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्याच्या हेतूने सहलीस निघाले. वाटेत ते दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाची धूळ अंगावर होती. प्रवेशद्वाराजवळच्या टाक्यात त्यांच्यापैकी काहींनी हातपाय धुतले, एवढ्यावरून आरडाओरडा झाला. टाके बाटविल्याचा आरोप झाला. किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती आत कोठेही पाण्याला न शिवण्याच्या अटीवर आणि बरोबर शिपाई देऊन. बाबासाहेबांनी हा अनुभव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. ऐतिहासिक स्थळ सर्वांना सारखेच दर्शनीय असते, हा समज किती अपुरा आहे, हे यावरून कळते. कान्हेरीतील पोढीपुढे उभे राहणाऱ्यास दौलताबादचे ते टाके आठवले, तर ते स्थान त्याच्यासाठी संवेजनीय झाले असे आम्ही म्हणू.

कान्हेरीत ८७ क्रमांकाच्या लेण्याकडे फारसे कोणी वळत नाही. कड्याखालच्या लांब कपारीत विटांच्या लहान स्तूपांचे अवशेष आहेत. येथे १९७५ मध्ये डॉ. गोखले यांना स्मारकलेख आढळले. येथे वास्तव्य करून निर्वाण पावलेल्या थेरांची नावे आणि त्यांनी गाठलेल्या अवस्था त्यांत नोंदल्या आहेत : अनागामी, अर्हत, त्रैविद्य, षडभिज्ञ. सुत्तपिटकात ज्या संज्ञा आपण वाचतो, त्या बोरिवलीच्या डोंगरावर माणसांच्या नावांपुढे लिहिलेल्या सापडतात. तेथे भव्यता नाही. वीट झिजलेली, अक्षर उथळ. कॅमेऱ्याला आकर्षून घेईल असे काहीच नाही आणि बौद्ध इतिहासाच्या दृष्टीने याहून मोलाची जागा या डोंगरावर क्वचितच असेल.

आता डोंगर उतरून खाली येऊ. कान्हेरीच्या एका लेखात कल्याणच्या एका उपासकाने संघाला दिलेल्या शेताची नोंद आहे; ते शेत 'मगलठाण' गावी होते. हे गाव म्हणजे आजचे मागाठाणे. तेथेही बौद्ध लेणी आहेत. परंतु वस्तीने वेढल्याने आणि दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्याने त्यांचे पुष्कळ शिल्प ओळखू न येण्याइतके झिजले आहे. अंधेरीजवळची कोंडिविटे येथील लेणी महाकाली लेणी म्हणून ओळखली जातात. त्यांतील नवव्या लेण्यात दगडी जाळीच्या भिंतीमागे स्तूप असलेले गोलाकार गर्भगृह आहे. मूळ नाव मागे पडले की स्थानाची ओळखही मागे पडते. मागाठाण्याच्या लेण्यांची शंभर वर्षांपूर्वी कोपरान् कोपरा टिपणारी छायाचित्रे घेतली गेली असती, तर आज काय गेले हे तरी दाखवता आले असते. जे सुंदर दिसत नव्हते, त्याचे चित्र घ्यावे असे कोणास वाटले नाही.

म्हणून उपासक-उपासिकांनी कॅमेरा खाली ठेवावा असे आम्ही म्हणत नाही; त्याचा उपयोग बदलावा असे म्हणतो. बुद्ध पौर्णिमेला किंवा वर्षावासात कान्हेरीस जाणाऱ्या प्रत्येक गटाने एक लेणे आपले मानावे. त्याचा क्रमांक, टाके, पन्हळ, बाक, लेख आणि भेगा यांची क्रमाने छायाचित्रे घ्यावीत. शेजारी मापासाठी पट्टी धरावी; तारीख, वेळ आणि दिशा वहीत लिहावी. उथळ अक्षरे समोरच्या प्रखर उजेडात दिसत नाहीत; सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती सावलीने उठून येतात. अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांत खडू वा रंग भरणे सर्वथा टाळावे. त्याने दगडाची हानी होते आणि वाचकाची कल्पनाच अक्षर म्हणून चित्रात उतरते. दरवर्षी त्याच जागेवरून तेच चित्र घेतले, तर पावसाने आणि माणसाने किती झीज केली याचा पुरावा आपोआप तयार होईल.

माणसाने केलेल्या झिजेविषयी एक शब्द. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी प्रवाशांनी आपली नावे पहलवी लिपीत कोरली आहेत. ते लेख आज इतिहासाचे साधन ठरले आहेत. त्यांचा दाखला देऊन स्वतःचे नाव भिंतीवर कोरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा विद्रूपीकरणास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायद्याहून मोठा प्रश्न विवेकाचा आहे. सामिदत्ताने नाव कोरले ते पाणी दिल्यानंतर.

याच डोंगररांगेत १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव बांधून मुंबई शहराला पाणी नेण्यात आले. त्याच्या सुमारे सतरा शतके आधी याच पावसाचे पाणी लोहार, सोनार, भिक्षुणी आणि राजकुळातील माणसांनी संघासाठी अडवून ठेवले होते. कान्हेरीहून घरी नेण्याच्या छायाचित्रांत मोठ्या बुद्धमूर्तीचे चित्र अवश्य असावे. त्याच्या शेजारी एका पोढीचे, तिच्यावरील अक्षरांसह घेतलेले चित्र असावे आणि खाली दात्याचे नाव लिहिलेले असावे. मुलांनी विचारले की हा काळा चौकोन कशाचा, तर त्यांना सांगता यावे की हे पाणी सर्वांचे होते.